क्रिस्प की रेड रम? १९७३च्या ग्रँड नॅशनलचा अंदाज, वजनाच्या हिशेबाने

अडथळ्यांच्या शर्यतींचा कार्यक्रम हातात आला की बहुतेक जण सगळ्यांत चांगला घोडा शोधू लागतात. हँडिकॅप शर्यतीत या शोधाने फारसं काही हाती लागत नाही, कारण चांगल्या घोड्याच्या पाठीवर त्याच्या चांगुलपणाइतकं ओझं आधीच टाकलेलं असतं. तिथे शोधायचा असतो तो दिलेल्या वजनात, त्या दिवशीच्या जमिनीवर आणि तेवढ्या अंतरात सगळ्यांत सोयीने बसलेला घोडा. हे बोलायला सोपं आहे. पडताळून बघायची संधी मात्र क्वचित मिळते, कारण शर्यत एकदाच होते आणि तेच दोन घोडे वेगळ्या वजनांनी पुन्हा समोरासमोर आणून दाखवायला कोणी बांधील नसतं.

३१ मार्च १९७३ रोजी लिव्हरपूलजवळच्या एनट्री मैदानावर झालेली ग्रँड नॅशनल, इंग्लंडमधली अडथळ्यांची प्रसिद्ध हँडिकॅप शर्यत, म्हणूनच अभ्यासाला घेण्यासारखी आहे. सुरुवातीला क्रिस्प आणि रेड रम या दोन घोड्यांचा पैजेचा भाव सारखाच, ९/१. तेच दोघे पहिले आणि दुसरे आले. दोघांत अंतर राहिलं पाऊण लेंग्थचं; लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हेच दोघे डॉनकास्टरला सारख्या वजनांनी एकमेकांविरुद्ध धावले. एवढी स्वच्छ फेरतपासणी शर्यतींच्या इतिहासात फार थोड्या वेळा झाली असेल.

आधी शर्यतीची अट समजून घेऊ. त्या काळी नॅशनलचं अंतर ४ मैल ८५६ यार्ड होतं, म्हणजे सव्वासात किलोमीटरच्या थोडं आत. मैदानाला दोन फेऱ्या आणि एकूण ३० उड्या. अडथळे १६, त्यातले १४ दोनदा घ्यायचे. ‘चेअर’ आणि पाण्याची उडी फक्त पहिल्या फेरीत. बीचर्स ब्रूकला उडी घेतो त्या बाजूपेक्षा उतरायची बाजू खाली, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्या घोड्याला पायांखाली जमीन अपेक्षेपेक्षा उशिरा लागते. कॅनॉल टर्नला उडी मारल्या मारल्या काटकोनात डावीकडे वळायचं. शेवटच्या उडीनंतर ४९४ यार्डांची सपाट धाव, तीही सरळ नाही. मध्ये ‘एल्बो’ नावाचा बाक आहे, तिथे घोड्याला उजवीकडे घ्यावं लागतं. हा बाक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. त्या दिवशी ३८ घोडे सुटले आणि जमीन कडक होती.

आता वजनं. त्या वेळी नॅशनलमध्ये सर्वांत वरच्या घोड्याला १२ स्टोन, म्हणजे १६८ पौंड, आणि खालची मर्यादा १० स्टोन. जॉकी, खोगीर आणि त्यात भरलेल्या शिशाच्या पट्ट्या मिळून हे वजन भरायचं. हँडिकॅपरचं काम असं की प्रत्येकाची आजवरची कामगिरी तोलून असं ओझं द्यायचं, की कागदावर तरी सगळे एका रेषेत संपावेत. खालच्या मर्यादेमुळे यात एक फट राहते. ज्या घोड्याच्या लायकीला खरं तर ९ स्टोन द्यायला हवेत, त्यालाही १० स्टोन घेऊनच धावावं लागतं. म्हणजे यादीच्या तळाशी १० स्टोनवर दिसणारे बरेचसे घोडे हलक्या वजनाचे वाटतात, पण प्रत्यक्षात ते आपल्या कुवतीपेक्षा जड घेऊन धावत असतात. अंदाज करायला बसलेल्या माणसाने पहिली काट मारायची ती इथे. फक्त आकडा बघून ‘हलका आहे, पळेल’ म्हणणं ही नॅशनलच्या यादीतली सगळ्यांत जुनी फसगत आहे.

यादीच्या डोक्यावर १९७३ साली दोन घोडे होते, दोघांनाही १२ स्टोन.

पहिला क्रिस्प. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, उंच, गडद, दहा वर्षांचा. १९७१ साली चेल्टनहॅमला दोन मैलांची चॅम्पियन चेस त्याने २५ लेंग्थने जिंकली होती. दोन मैल म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतींतलं सर्वांत लहान अंतर; तिथे लागतो वेग आणि उडी मारताना एकही टाप न चुकवण्याची हातोटी. १९७२ साली चेल्टनहॅमच्याच गोल्ड कप शर्यतीत, सव्वातीन मैलांवर, तो पाचवा आला. म्हणून त्याच्याबद्दलची शंका उघड होती. वेग आहे, उडी आहे, पण साडेचार मैलांच्या जवळ जाणाऱ्या अंतराला दम पुरेल का? ट्रेनर फ्रेड विंटर. हा माणूस नॅशनल आतून ओळखत होता. जॉकी म्हणून १९५७ साली संड्यूवर आणि १९६२ साली किलमोरवर जिंकला, ट्रेनर म्हणून १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं. वर बसणार होता रिचर्ड पिटमन.

दुसरा लेस्कार्गो, आयर्लंडचा, १९७० आणि १९७१ अशी सलग दोन गोल्ड कप जिंकलेला. वर्ग, म्हणजे मूळ गुणवत्ता, निर्विवाद. पण १९७२च्या नॅशनलमध्ये फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, असताना तिसऱ्याच अडथळ्यावर त्याची शर्यत संपली होती, तेव्हा एनट्री त्याला मानवतं का, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या खालोखाल ११ स्टोन १३ पौंडांवर स्पॅनिश स्टेप्स. १९६९चा हेनेसी गोल्ड कप (ही वेगळी शर्यत) जिंकलेला, सरळ, खात्रीचा, दमाला न हटणारा.

आणि मग बराच खाली, १० स्टोन ५ पौंडांवर, रेड रम.

याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अंदाज करणाऱ्याने त्यातलं काय उचलायचं ते महत्त्वाचं. आठ वर्षांचा. ऑगस्ट १९७२मध्ये डॉनकास्टरच्या लिलावात ६,००० गिनींना घेतलेला. ट्रेनर जिंजर मकेन, साउथपोर्टचा. तबेला गाड्यांच्या शोरूमच्या मागे, आणि सरावाचं मैदान म्हणजे समुद्राची ओली वाळू. घोड्याला खुराच्या हाडाचा आजार होता. तो खाऱ्या पाण्याने आणि वाळूने आटोक्यात राहिला, असं मानलं जातं. ही भावनेची बाजू झाली. हिशेबाची बाजू अशी की नव्या मालकाकडे आल्यावर त्या शरद ऋतूत रेड रमने ओळीने पाच शर्यती जिंकल्या. शिवाय १९६७ साली, दोन वर्षांचा असताना, त्याने आयुष्यातली पहिली शर्यत याच एनट्रीला, नॅशनलच्या आदल्या दिवशी, सपाट मैदानावर पाच फर्लांगांत बरोबरीत जिंकली होती. त्या नोंदीचा अंदाजाला फारसा उपयोग नाही, मी तिला वजन देणार नाही. पाच फर्लांगांचं सपाट धावणं आणि बीचर्स ब्रूक यांचा संबंध नाही. जॉकीची नोंद मात्र मोजायची. ब्रायन फ्लेचरने १९६८ साली रेड ॲलिगेटरवर नॅशनल जिंकली होती. एनट्रीला कुठे थांबायचं आणि कुठे सोडायचं हे कळलेला जॉकी हा त्या ३८ जणांत मोठा भांडवलाचा मुद्दा होता.

तर शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी माणसाने ३८ नावांवरून कसं खाली यायचं?

माझ्या मते आधी दम, मग उडी, मग वजन आणि शेवटी जमीन, या क्रमाने. तीन मैलांपुढे कधीच टिकलेला नाही तो बाजूला. वारंवार पडतो किंवा जॉकीला पाडतो, तोही बाजूला; ३० उड्यांत एक चूक पुरते. १० स्टोनवर असूनही मूळ लायकी त्याहून खालची, असे सगळे बाजूला. एवढ्यात यादी दहा-बारा नावांवर येते. मग जमीन. कडक जमिनीवर वेगवान, हलक्या पावलाचे घोडे वर येतात आणि जड वजनाचा जाच तुलनेने कमी होतो, कारण चिखलातून पाय उपसावे लागत नाहीत. ओल्या, धरून ठेवणाऱ्या जमिनीत १२ स्टोन घेऊन शेवटच्या धावेला पोचणारा घोडा उभ्याने विरघळतो. त्या दिवशी जमीन कडक होती, म्हणजे क्रिस्प, लेस्कार्गो आणि स्पॅनिश स्टेप्स या जड तिघांना खोडायचं कारण उरत नव्हतं. रेड रमचं तर कडक जमिनीशी जमायचंच.

असं करत चार नावं हातात राहतात. पण चारांतून एक निवडायचं तर क्रिस्पच्या दमाबद्दलची शंका आणि २३ पौंडांचा फरक, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. २३ पौंड म्हणजे जवळपास साडेदहा किलो. लांब पल्ल्याच्या अडथळ्यांच्या शर्यतीत ढोबळ हिशेब असा धरतात की एक पौंड म्हणजे एक लेंग्थ. म्हणजे हँडिकॅपरच्या मते सारख्या वजनात क्रिस्प रेड रमपेक्षा २३ लेंग्थने सरस होता. तो खरोखर एवढा सरस आहे का, हा एकच प्रश्न शिल्लक राहतो. आणि इथे हँडिकॅपरची एक अडचण अंदाज करणाऱ्याच्या पथ्यावर पडते. साडेचार मैलांच्या आसपासच्या शर्यती फार थोड्या असतात. हँडिकॅपर दोन-तीन मैलांवरची कामगिरी तोलून वजन देतो. त्या अंतरावर क्रिस्प २३ पौंडांनी सरस असेलही. पण अंतर वाढत जाईल तसा दोन मैलांच्या वेगवान घोड्याचा फायदा आटत जातो आणि दमदार घोड्याचा वाढत जातो. वजनाच्या तक्त्यात हे पूर्ण उतरत नाही. रेड रमची बाजू मला इथे शर्यतीच्या आधीच जड वाटते, निकाल माहीत असल्यामुळे नव्हे.

बाजाराने काय म्हटलं तेही वाचायला हवं. ९/१ म्हणजे एकास नऊ. दहा वेळा धाव घेतली तर एकदा जिंकेल, असा त्या भावाचा अर्थ. दोन्ही फेव्हरिट मिळून शंभरात वीस. सगळ्या घोड्यांच्या भावांची टक्केवारी मिळवली तर ती शंभराच्या वर जाते, तो बुकीचा हिस्सा. म्हणून खरी शक्यता वीसच्याही खाली. म्हणजे शंभर जणांच्या अक्कलहुशारीतून निघालेला बाजारच सांगत होता की या दोघांपैकी कोणीही जिंकणार नाही, ही शक्यता शंभरात ऐंशीहून जास्त आहे. ‘संभाव्य विजेता’ या शब्दांत एवढीच ताकद असते. नॅशनलसारख्या शर्यतीत जो माणूस आपला घोडा नक्की येणार म्हणतो, त्याने हा एक हिशेब कधी केलेला नसतो.

शर्यत सुटली. सुरुवातीला ग्रे सॉम्ब्रेरो पुढे होता, पण पहिल्या फेरीतच क्रिस्पने आघाडी घेतली. पिटमनने त्याला आवरलं नाही. क्रिस्प ज्या तऱ्हेने उड्या घेत होता ते चित्रफितीत आजही दिसतं. प्रत्येक अडथळ्याकडे कान टवकारून, लांबून उडी आणि उतरल्यावर एकही पाऊल न गमावता पुढे. १२ स्टोन पाठीवर असलेला घोडा प्रत्येक उडीला एक-दोन लेंग्थ कमावत होता. चेअरला ग्रे सॉम्ब्रेरो पडला आणि त्याला वाचवता आलं नाही. दुसऱ्या फेरीच्या बीचर्सपर्यंत क्रिस्प वीसेक लेंग्थ पुढे गेला होता, आणि मागे एकटा रेड रम त्याचा माग काढत होता. बाकीचे इतके मागे की त्यांची दुसरीच शर्यत चालली होती. शेवटच्या अडथळ्यावर अजून पंधराएक लेंग्थ होत्या.

पंधरा लेंग्थ म्हणजे ३५ मीटरहून जास्त, आणि समोर ४९४ यार्ड. इथून पुढचं अर्धं मिनिट सावकाश बघावं. क्रिस्पचे पाय जड झाले, तोंड वर आलं. एल्बोच्या आधी पिटमनने उजव्या हाताने चाबूक वापरला आणि घोडा डावीकडे झुकला. त्याला जायला हवं होतं उजवीकडे. पिटमनने नंतर स्वतःच ही चूक आपली म्हणून सांगितली आहे आणि वर्षानुवर्षं सांगत राहिला. त्या वाकड्या पावलांत लय मोडली. मागून फ्लेचरचा रेड रम एका लयीत येत होता, दहा किलो हलका. शेवटच्या दोन ढांगांत त्याने क्रिस्पला गाठलं आणि पाऊण लेंग्थने काढलं. वेळ लागला ९ मिनिटं १.९ सेकंद. त्याआधीचा विक्रम १९३४चा, गोल्डन मिलरचा, ९ मिनिटं २०.४ सेकंद. म्हणजे हरलेल्या क्रिस्पनेही जुना विक्रम १८ सेकंदांनी मोडला, आणि तो १२ स्टोन घेऊन. २५ लेंग्थ मागे तिसरा आलेला लेस्कार्गोसुद्धा जुन्या विक्रमाच्या आत होता. स्पॅनिश स्टेप्स चौथा.

पहिल्या चारांकडे पुन्हा बघा. १० स्टोन ५, १२ स्टोन, १२ स्टोन, ११ स्टोन १३. यादीच्या तळातले, ‘हलके’ म्हणून लोकांनी धरलेले घोडे पाचव्या क्रमांकापासून सुरू होतात; रूज ऑटम पाचवा आणि हरिकेन रॉक सहावा, दोघेही १० स्टोनवर. कडक जमिनीवर वर्गाने वजनावर मात केली, एका अपवादाने, आणि तो अपवाद होता वर्गही असलेला आणि वजनही कमी मिळालेला घोडा.

पिटमन चुकला म्हणून क्रिस्प हरला, असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. चाबकाची ती एक हालचाल पाऊण लेंग्थची असेलही, पण शर्यत त्याच्या कितीतरी आधी वाकडी गेली होती. दोन मैलांच्या चॅम्पियनला त्याच्या उड्यांच्या भरात सोडून दिलं तर तो पहिल्या फेरीत दम खर्च करणार, हे उघड होतं. पण त्याला ओढून धरलं असतं तर त्याने लगामाशी झगडून तोच दम दुसऱ्या तऱ्हेने खर्च केला असता, आणि गर्दीत अडकून कदाचित पडलाही असता. विंटर आणि पिटमन या दोघांनी पुढे राहायचं ठरवलं ते समजून ठरवलं. त्यांच्या घोड्याच्या स्वभावाला तेच जुळत होतं. ज्या निर्णयाने क्रिस्प जिंकण्याच्या एवढ्या जवळ आला, त्याच निर्णयाला पराभवाचं कारण ठरवणं मला अन्याय वाटतो.

एक पौंड, एक लेंग्थ हा ढोबळ हिशेब खरा धरला तर क्रिस्पला एक पौंड कमी मिळाला असता तरी निकाल बदलला असता. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहून कमी. इतक्या थोडक्याने कुठला अंदाज सिद्ध होत नाही किंवा खोटाही ठरत नाही. रेड रमवर ज्याने पैसे लावले तो शहाणा आणि क्रिस्पवर लावले तो वेडा, असं म्हणायला त्या दिवशी जागाच नव्हती. दोघांचंही वाचन बरोबर होतं. एकाला भाव मिळाला.

मग डॉनकास्टर. नोव्हेंबर १९७३, साधारण सव्वातीन मैल, दोघांना सारखं वजन. क्रिस्प आठ लेंग्थने जिंकला.

याचा अर्थ लोकांनी असा लावला की ‘बघा, खरा चांगला घोडा क्रिस्पच’. तो चांगला होताच. त्याबद्दल एनट्रीलाही वाद नव्हता. मला या निकालातून वेगळी गोष्ट दिसते. आठ लेंग्थ म्हणजे आठेक पौंड. हँडिकॅपरने एनट्रीला दिलेला फरक २३चा. सरळ वजाबाकी केली तर रेड रमच्या हातात १५ पौंड शिल्लक होते, आणि तो नॅशनल पंधराएक लेंग्थने जिंकायला हवा होता. तो जिंकला पाऊण लेंग्थने. म्हणजे क्रिस्पने एनट्रीला जे केलं ते त्याच्या डॉनकास्टरच्या विजयाहून फार वरचं होतं. हरलेली शर्यत त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम होती, असं मी म्हणेन. ही वजाबाकी अगदी काटेकोर धरू नये. डॉनकास्टर सपाट, उतार-चढ नसलेलं मैदान, साध्या अडथळ्यांचं, आणि रेड रम त्या आठ महिन्यांत आणखी पक्का झाला होता. तरी एवढं नक्की म्हणता येतं की मार्चमध्ये रेड रमला मिळालेले १० स्टोन ५ हे त्याच्या लायकीपेक्षा कमी होते. बाजाराला हे वासाने कळलं होतं, म्हणून यादीत खाली असूनही तो सहफेव्हरिट झाला.

ज्यांना एकच घोडा निवडायचा नसतो, त्यांच्यासाठी याच शर्यतीत दुसरा रस्ता होता. मोठ्या हँडिकॅपमध्ये जिंकण्यावर (विन) पैसे लावता येतात तसे पहिल्या चारांत येण्यावरही (प्लेस), आणि पहिल्या चारांना प्लेसचे पैसे मिळतात, रूढ नियमाने भावाच्या चौथ्या हिश्श्याने. वर्गाच्या आधारावर कोणी क्रिस्प ९/१, लेस्कार्गो ११/१ आणि स्पॅनिश स्टेप्स १६/१ या तिघांवर प्रत्येकी एक पौंड (इथे पैशाचा) विन आणि एक पौंड प्लेस असे लावले असते, आणि रेड रमला हातही लावला नसता, तर सहा पौंडांचे बारा झाले असते. विजेता न ओळखताही दुप्पट. म्हणून मी म्हणतो की संभाव्य विजेत्यांची निवड करताना शेवटचं नाव लिहिण्याआधी, आपलं कारण जिंकण्याचं आहे की चांगलं धावण्याचं, हे वेगळं करून बघावं. क्रिस्पबद्दल दमाची शंका असलेल्या माणसाला तो पहिल्या चारांत येईल असं म्हणायला पुरेसं कारण होतं. जिंकेल असं म्हणायला नव्हतं.

महालक्ष्मी आणि पुण्याच्या मैदानावर वाढलेल्या वाचकाला यातला बराच भाग ओळखीचा आहे. रेटिंग, त्यानुसार वजन, ‘या घोड्याला आज सोयीचं वजन आहे’ ही भाषा आपल्याकडेही तीच. पावसाळ्यातल्या पुण्याच्या मोसमात जमीन किती मऊ आहे हे दर्शवणारं पेनेट्रोमीटरचं माप बघूनच तर अर्धे अंदाज बदलतात. आपल्या शर्यती मात्र सपाट आणि बऱ्याचशा दोन हजार मीटरच्या आतल्या. तिथे दोन किलोंचा फरक थोड्या अंतराचा. तेच दोन किलो सव्वासात किलोमीटर आणि तीस उड्यांवर ताणून बघितले की त्यांचं वजन वेगळंच होतं. प्रत्येक उडीला घोडा स्वतःसकट ते ओझं हवेत उचलतो आणि पुढच्या पायांवर झेलतो. सपाट शर्यतींचा हिशेब जसाच्या तसा अडथळ्यांना लावणाऱ्या हुशार माणसांना इथे फसताना पाहिलं आहे.

ग्रे सॉम्ब्रेरोचा उल्लेख वर एका ओळीत आला. तेवढ्यावर सोडणं बरोबर नाही. ३८ घोड्यांपैकी जवळपास निम्म्यांनाच शेवट गाठता आला, आणि एक परत आलाच नाही. अंदाज करणारा माणूस ‘पडण्याची शक्यता’ हा एक रकाना भरतो. घोड्याच्या बाजूने तो रकाना नसतो. एनट्रीने हे उशिरा का होईना मानलं. २०१३पासून अडथळ्यांच्या आतला लाकडी गाभा जाऊन तिथे लवचीक गाभा आला, बीचर्सचा उतार कमी झाला, अंतर कमी झालं, आणि २०२४पासून शर्यतीत ३४च घोडे सुटतात. याचा अंदाजावरही परिणाम झाला आहे. गर्दी आणि पडापड कमी, म्हणून वर्गाचे घोडे जास्त संख्येने शेवटपर्यंत पोचतात आणि जुने ‘नशिबाचे’ निकाल कमी होतात. १९७३चे आडाखे आज वापरताना हे ध्यानात ठेवावं लागतं. आणि मला विचाराल तर अंदाज सोपा झाला यापेक्षा घोडे घरी परतू लागले याचं समाधान कितीतरी मोठं आहे.

पुढच्या वर्षी हँडिकॅपरने रेड रमला १२ स्टोन दिले. आदल्या वर्षापेक्षा २३ पौंड जास्त, म्हणजे बरोबर क्रिस्पचं ओझं. १९३६ साली रेनॉल्ड्सटाउननंतर एवढं वजन घेऊन कोणीही नॅशनल जिंकलेली नव्हती. १२ स्टोन घेऊन जिंकता येत नाही, हा १९७३चा धडा म्हणून सगळ्यांच्या तोंडी होता, कारण क्रिस्पला ते शेवटच्या शंभर यार्डांत भोवताना लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण क्रिस्प दमाने कमी होता आणि रेड रम नव्हता. धडा वजनाचा नव्हताच. लेस्कार्गो त्या वर्षी ११ स्टोन १३ वर होता, म्हणजे दोघांत फक्त एका पौंडाचा फरक. आदल्या वर्षी दोघांत २३ पौंडांचा फरक असताना रेड रमने त्याला पंचवीसहून जास्त लेंग्थ मागे टाकलं होतं. ढोबळ हिशेबाने सगळा फायदा निघून गेला होता आणि शर्यत बरोबरीची दिसत होती. बाजार स्काउट नावाच्या घोड्याकडे वळला, ७/१. रेड रमचा भाव ११/१, म्हणजे दहा स्टोन पाचवर जिंकला तेव्हापेक्षाही सैल. तो सात लेंग्थने जिंकला, आणि दुसरा आला लेस्कार्गो.